एक कोटी डोकी, दोन मतं

एका प्रश्नाची दोनच उत्तरं शक्य आहेत असं धरू. हा पूल पावसाळ्यात टिकेल की नाही, असं काहीतरी. ज्याला विचारायचं तो माणूस अकलेने बेताचा: शंभरातल्या ६० वेळा त्याचं बरोबर येतं, ४० वेळा चुकतं. अशा एकट्याच्या भरवशावर कोणी पुलावरून गाडी घालणार नाही. आता तशीच बेताची ११ माणसं घ्या, प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवा, चिठ्ठीवर उत्तर लिहून घ्या आणि बहुमत काढा. ते बरोबर असण्याची शक्यता ७५ टक्के होते. १०१ माणसं घेतली तर ९८ टक्के. आणि १,००१ घेतली, तर बहुमत चुकण्याची शक्यता हजार कोटींत एकाहूनही कमी उरते. त्यातलं एकही माणूस पूर्वीपेक्षा शहाणं झालेलं नाही. चुका वेगवेगळ्या दिशांना गेल्या आणि एकमेकींना खाऊन संपल्या, एवढंच झालं. या हिशेबामागचं सूत्र फ्रेंच गणितज्ञ कॉन्डोर्से यांनी १७८५ मध्येच मांडून ठेवलं आहे.

आता खोल्या काढून टाका आणि त्याच माणसांना रांगेत उभं करा. प्रत्येकाने उत्तर मोठ्याने सांगायचं; कारण सांगायचं नाही, फक्त उत्तर. मागच्यांना पुढच्या सगळ्यांचं ऐकू येतं. पहिला आपल्याला वाटतं ते सांगतो. दुसऱ्याला तसंच वाटत असेल तर तोही तेच सांगतो. उलट वाटत असेल तर एकास एक अशी बरोबरी होते आणि तो नाणं उडवून मोकळा होतो. खरा पेच तिसऱ्याचा. पुढचे दोघंही ‘टिकेल’ म्हणालेत, याला मात्र ‘टिकणार नाही’ वाटतंय. विचारी माणूस असेल तर म्हणेल, दोघांपुढे माझं एकट्याचं काय घेऊन बसलात, आणि ‘टिकेल’ म्हणेल. चौथ्याला पुढून तीन ‘टिकेल’ ऐकू येतात. तिसऱ्याने स्वतःचं मत गिळलंय हे त्याला कळायला मार्ग नाही. तोही तेच म्हणतो. मग पाचवा, पन्नासावा, पन्नास लाखावा.

ही रांग बरोबर उत्तरावर स्थिरावण्याची शक्यता ६३ टक्के. रांगेत शंभर माणसं असोत, लाख असोत की एक कोटी, आकडा ६३ वरच. एकटा माणूस ६० टक्के बरोबर होता. एक कोटी माणसांनी त्याच्या अकलेत घातलेली भर फक्त ३ टक्क्यांची! त्याहून अंगावर येणारा आकडा पुढे आहे. रांगेचा कायमचा निकाल पहिल्या दोन माणसांतच लागून जाण्याची शक्यता ७६ टक्के, आणि पहिल्या दहांत लागण्याची ९९.९ टक्क्यांहून जास्त. बाकीचे ९९ लाख ९९ हजार ९९० जण नुसती री ओढायला उभे आहेत. आणि त्यांच्यात मूर्ख कोणीच नाही, हे त्यातलं सगळ्यात त्रासदायक. प्रत्येकाने हातात होती त्या माहितीचा शक्य तितका शहाणा उपयोग केला.

कळपाच्या या रांगेचा सिद्धान्त १९९२ मध्ये दोन ठिकाणी छापून आला. एक निबंध बिखचंदानी, हर्शलायफर आणि वेल्च या तिघांचा, दुसरा एकट्या अभिजित बॅनर्जींचा. होय, २०१९ चे नोबेलवाले. मुंबईत जन्मलेले, आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर. बॅनर्जींनी उदाहरण घेतलं ते शेजारशेजारच्या दोन हॉटेलांचं. शंभर माणसं जेवायला निघाली आहेत. पहिलं हॉटेल चांगलं असण्याची शक्यता ५१ टक्के, दुसऱ्याची ४९, असा एकूण बोलबाला. शंभरांपैकी ९९ जणांना मात्र दुसरंच चांगलं असल्याची खासगी खबर आहे. उरलेल्या एकाची खबर उलटी, आणि नेमका तोच सगळ्यांच्या आधी पोचतो. तो पहिल्या हॉटेलात शिरतो. मागून आलेल्याची खबर आणि पहिल्याची खबर एकमेकांना काटतात, उरतो तो ५१ टक्क्यांचा बोलबाला. तोही पहिल्यातच शिरतो. शेवटी शंभरच्या शंभर एकाच हॉटेलात जेवतात आणि ९९ जणांना ठाऊक असलेलं चांगलं हॉटेल ओस पडतं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते खरंच आहे, कॉन्डोर्सेंचं गणित दुसरं काय सांगतं? पण चौघं पहिल्याचीच री ओढत असतील तर मुख एकच. कळप आणि शहाणा समूह यांतला फरक माणसं किती जमली यात नाही, ती एकमेकांचं ऐकतात की नाही यातही नाही. ऐकून ती काय करतात, यात आहे. कळपातला शेजाऱ्याचा निष्कर्ष उचलतो. शहाण्या समूहातला शेजाऱ्याकडून फक्त पत्ता घेतो आणि स्वतः जाऊन बघून येतो.

हे नुसतं कागदी गणित नाही. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये १४,३४१ माणसांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. काहींना आधीच्यांनी काय निवडलं ते दिसत नव्हतं. बाकीच्यांचे आठ वेगळे गट पाडले. प्रत्येक गटात आपापल्या गटातल्या डाउनलोडांचा आकडा गाण्यासमोर दिसायचा. ‘५२ मेट्रो’ नावाच्या बँडचं ‘लॉकडाउन’ हे गाणं, इतरांचं न बघता निवडणाऱ्यांच्या हिशेबाने, २६ वं. चारचौघांसारखं गाणं. एका गटात ते पहिलं आलं आणि दुसऱ्या एका गटात ४० वं. गाणं तेच, सुरुवातीचे ऐकणारे फक्त वेगळे.

माणसांचं हे असं. मधमाश्यांना मात्र हे कोडं कधीचं सुटलेलं आहे, आणि त्यांची पद्धत इतकी बारकाईने तपासली गेली आहे की तिथे जरा रेंगाळायलाच हवं.

युरोपी मधमाश्यांची वसाहत वसंतात भरगच्च झाली की फुटते. जुनी राणी दहा-एक हजार कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते आणि सगळ्या जवळच्या फांदीला घोस करून लटकतात. आता नवं घर शोधायचं. चुकीचं निवडलं तर येत्या हिवाळ्यात सगळा संसार गारठून किंवा उपाशी मरणार. दुसरं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली असताना म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या संशोधकाला अशा घोसावर नाचणाऱ्या काही माश्या दिसल्या. माश्या नाचून फुलांचा पत्ता सांगतात हे तोवर माहीत झालेलं होतं. पण यांच्या अंगावर पराग नव्हता. काजळी होती, विटांची भुकटी होती. धुराडी आणि पडक्या भिंतींच्या भेगा धुंडाळून त्या आल्या होत्या आणि घराचा पत्ता सांगत होत्या.

पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या टॉमस सीली यांनी आपलं आयुष्य या घरशोधणीला दिलं. दहा हजारांतल्या ३०० ते ५०० माश्याच शोधक असतात. बाकीच्या साडेनऊ हजार स्वस्थ लटकून राहतात. मत देत नाहीत आणि कोणाची री ओढत नाहीत. शोधक माशी झाडाच्या ढोलीत शिरते आणि काळोखात चालत सुटते: भिंतींवरून, छतावरून, मधूनच छोटीशी उडी. बाहेर येऊन पुन्हा आत. पाऊण-एक तासात तिची चाल ६० मीटरच्या वर जाते. तिची लांबी दीड सेंटीमीटर धरली तर अंगाच्या चार हजार पट. त्या प्रमाणात आपण फ्लॅट बघायला गेलो तर दारं-खिडक्या मोजत पावणेसात किलोमीटर चालावं लागेल. आपण बिल्डरचं माहितीपत्रक बघतो आणि टोकन देऊन मोकळे होतो. तिला हवी असते साधारण ४० लिटरची, म्हणजे पाण्याच्या दोन मोठ्या जारएवढी पोकळी, तोंड १५ चौरस सेंटीमीटरच्या आसपास. दहा लिटरच्या आत हिवाळ्याची बेगमी मावत नाही.

परत येऊन ती नाचते. जागा जितकी चांगली तितके जास्त फेरे. नाच बघून दुसरी शोधक उडते, पण ती पहिलीच्या शब्दावर विसंबत नाही. स्वतः आत शिरते, स्वतः चालते, आणि परत येऊन पहिलीइतके नव्हे तर तिच्या स्वतःच्या अंदाजाला येतील तितके फेरे घेते. पहिली कितीही बेभान नाचलेली असो, जागा बेताची निघाली तर दुसरीचा नाच बेताचाच.

दुसरी युक्ती याहून नामी. प्रत्येक माशी जागेला पुन्हा भेट देऊन आली की तिचे फेरे आपोआप घटतात, दर खेपेला सुमारे १५ ने. कोणी विरोध केला म्हणून नव्हे, घटतातच. समजा चांगल्या घरासाठी एकीने ९० फेऱ्यांपासून सुरुवात केली: ९०, ७५, ६०, ४५, ३०, १५, मग बंद. बेरीज ३१५. दुसरीने मध्यम घरासाठी ४५ पासून: ४५, ३०, १५, बंद. बेरीज ९०. पहिल्या खेपेला दुपटीचा असलेला फरक शेवटी साडेतीन पटींचा होतो. वाईट जागेची शिफारस कोणी खोडून काढावी लागत नाही, ती आपसूक विझते. आमच्या सोसायटीच्या बैठकांमध्ये ही सोय नसल्याची खंत मला फार दिवसांपासून आहे.

आणि निकाल? तो नाचाच्या जागी लागतच नाही. सीली आणि कर्क विशर यांनी दाखवून दिलं की मोजणी होते ती नव्या घराच्या दारात. तिथे एकाच वेळी २०-३० शोधक माश्या जमल्या की कोरम भरला. म्हणजे कोण काय सांगतं ते नव्हे, किती जणी स्वतः येऊन बघताहेत ते मोजलं जातं. मग त्या परत जाऊन चिरक्या आवाजाने घोसाला उठवतात, सगळ्या आपले उडण्याचे स्नायू ३५ अंशांपर्यंत तापवतात आणि दहा हजार माश्या एकदम उडतात. मेन राज्यातल्या अ‍ॅपलडोर नावाच्या जवळपास वृक्षहीन बेटावर सीलींनी थव्यांपुढे पाच पेट्या ठेवल्या, एक ४० लिटरची, चार १५ लिटरच्या. पाचपैकी चार थव्यांनी चांगली पेटी गाठली.

२००९ मध्ये सीलींनी दोन सहकाऱ्यांबरोबर हा सगळा कारभार संगणकावर उभा केला आणि एकेक नियम काढून बघितला. माश्यांनी एकमेकींचं अजिबात ऐकलं नाही तर एकमत जमत नाही. ऐकलं पण तपासणी स्वतः केली नाही, तर एकमत झटकन जमतं आणि ते कुठल्याही भिकार जागेवर जमू शकतं.

मुंग्यांचं प्रकरण जरा वेगळं, आणि तिथले आकडे डोळे फिरवणारे. २०२२ मध्ये ४८९ अभ्यासांची बेरीज करून शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या मुंग्यांची संख्या काढली: २० हजार लाख कोटी, म्हणजे २ वर १६ शून्यं. ‘लीलावती’ या जुन्या गणितग्रंथातल्या मोजणीत हे दोन ‘मध्य’ होतात; पुढचा ‘परार्ध’ म्हणजे मोजणीचं शेवटचं टोक. माणशी पंचवीस लाख मुंग्या. त्यांच्यातला सुका कार्बन तोलला तर १ कोटी २० लाख टन, जगातले सगळे रानटी पक्षी आणि रानटी सस्तन प्राणी मिळून होतात त्याहून जास्त.

मुंगीची वाट वासाची. १९८९ मध्ये सायमन गॉस आणि सहकाऱ्यांनी वारूळ आणि खाऊ यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला, एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. जवळच्या वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परततात, त्यामुळे त्या वाटेवर वास लवकर चढतो, वासामागे आणखी मुंग्या जातात, आणि थोड्याच वेळात सगळी वर्दळ जवळच्या वाटेवर. नकाशा कोणाकडेच नव्हता, वाट मात्र सापडली. मग त्यांनी आधी फक्त लांबची वाट ठेवली आणि जवळची अर्ध्या तासाने जोडली. मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या. जुना वास इतका साचला होता की नवी वाट कोणी हुंगलीच नाही. तोच प्राणी, तोच नियम. अर्ध्या तासाच्या फरकाने शहाण्या समूहाचा कळप झाला.

मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये मिलानच्या आपल्या प्रबंधात याच मुंग्या संगणकात सोडल्या, पण एक दुरुस्ती करून: वास उडून जाईल अशी सोय केली. कशासाठी? औषध कंपनीच्या एमआरचं उदाहरण घ्या. त्याला घरून निघून एकंदर वीस शहरं गाठायची आणि परत घरी यायचं. असे वेगवेगळे मार्ग किती? घरचं शहर धरून वीस शहरांना ६० हजार लाख कोटींहून जास्त. पृथ्वीवरच्या एकूण एक मुंगीला कामाला लावलं तरी प्रत्येकीच्या वाट्याला तीन मार्ग तपासायला येतील. डोरिगोंच्या तऱ्हेच्या काही थोड्या विसराळू मुंग्या त्या डोंगरातून चांगला मार्ग शोधून काढतात, अगदी सर्वोत्तमच असेल याची हमी देत नाहीत एवढंच.

विसरणं जमलं नाही तर काय होतं ते विल्यम बीबी या निसर्गशास्त्रज्ञाने ब्रिटिश गियानाच्या जंगलात बघितलं. लष्करी मुंग्यांची एक तुकडी मुख्य फौजेपासून तुटली आणि तिला आपल्याच शेपटीचा वास लागला. १,२०० फुटांचं वर्तुळ तयार झालं. एका मुंगीला फेरी पुरी करायला अडीच तास. हे दोन दिवस चाललं. वाटेत मुंग्या मरून पडत होत्या आणि जिवंत असलेल्या त्यांच्यावरून पुढच्यामागे चालत होत्या.

टोळांच्या बाबतीत तर अकलेचा प्रश्नच येत नाही. २०२० च्या सुरुवातीला ईशान्य केनियात जागतिक अन्न व कृषी संघटनेने एक धाड नोंदवली ६० किलोमीटर लांब आणि ४० रुंद: चार मुंबया मावतील एवढी. चौरस किलोमीटरला चार ते आठ कोटी टोळ या दराने ९,६०० कोटींपासून १९,२०० कोटींपर्यंत टोळ, आणि दिवसाचं खाणं साडेआठ कोटी माणसांएवढं. (त्याच वर्षी मे महिन्यात टोळधाड विदर्भात शिरली, तेव्हा अमरावतीकडच्या शेतकऱ्यांनी ताटं बडवून ती हाकलायचा प्रयत्न केला. ही तिच्या मानाने किरकोळ.) पंख न फुटलेली पिल्लं शिस्तीत एका दिशेने चालतात ते कोणी पुढे नेतं म्हणून नव्हे. मागचा चावतो. पोटाची नस कापून चाव्याची जाणीव बंद केली तेव्हा ती रेंगाळली आणि शेजाऱ्यांनीच त्यांना जास्त खाल्लं, असा प्रयोग २००८ मध्ये झाला आहे.

तरी कळपाला सरसकट नावं ठेवू नयेत. घर निवडताना इतकी चिकित्सक असलेली मधमाशी, पोळ्यावर कोणी चाल केली की क्षणात कळपाची होते. एकीने डंख मारला की त्यातून इशाऱ्याचा वास सुटतो आणि बाकीच्या काहीही न तपासता तुटून पडतात. गडावर आग्यामोहोळाखाली कोणी शेकोटी केली आणि मग सगळी ट्रेकर मंडळी वाट फुटेल तिकडे पळत सुटली, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. पळणारेही काही तपासत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. जिथे उशिराची किंमत जीव आणि चुकीची किंमत फुकटची धावपळ, तिथे शेजारी पळाला की पळावं. घोटाळा होतो तो हीच सवय शेअर, लग्नाचा हॉल आणि मुलांची शाखा निवडताना वापरली की.

आता एक अडचण. प्रत्येकाने स्वतः जाऊन बघितलं की भागतं का? २१ सप्टेंबर १९९५. पहाटे दिल्लीतल्या एका देवळात गणपती दूध पितोय अशी बातमी उठली आणि दुपारपर्यंत ती देशभर पसरली, लंडनपर्यंत पोचली. आपल्याकडेही चमचे घेऊन रांगा लागल्या. या लोकांना कळप म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. प्रत्येकाने स्वतः चमचा धरला आणि दूध कमी होताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. लाखो तपासण्या झाल्या. पण सगळ्यांचा चमचा तसाच, दूध तेच पांढरं, सोंडेला लावण्याची रीत तीच. पृष्ठताणाने दूध चमच्याबाहेर ओढलं जात होतं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळत होतं. तो थर दिसत नव्हता. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग कालवला तेव्हा ओघळ दिसला. लाखो लोकांच्या लाखो तपासण्या म्हणजे खरं तर एकच तपासणी लाखो वेळा.

संख्याशास्त्रात याचा नेमका हिशेब आहे. माणसांच्या चुका एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत त्याला सहसंबंध म्हणतात. शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे पूर्ण. हा आकडा नुसता ०.१ असला तर हजार माणसांच्या सरासरीचं मोल दहा स्वतंत्र माणसांइतकं भरतं. एक कोटी माणसांचं? तेही दहाच. सहसंबंध ०.०१ वर आणला तर कोटीचे शंभर होतात, त्यावर एकही नाही. एकच वर्तमानपत्र वाचणारी, एकाच शाळेत शिकलेली, एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात असलेली माणसं कितीही जमवा, ही कमाल मर्यादा हलत नाही.

१९०६ मध्ये प्लिमथच्या जत्रेत ७८७ जणांनी, समोरचा बैल कापून साफ केल्यावर किती वजनाचा भरेल, याचा अंदाज चिठ्ठीवर लिहिला होता. फ्रान्सिस गॉल्टननी छापलेल्या हिशेबात मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला आणि खरं वजन १,१९८. चिठ्ठीला सहा पेन्स मोजावे लागत होते आणि दुसऱ्याची चिठ्ठी दिसत नव्हती. त्याची उलट बाजू २०११ मध्ये झुरिकला दिसली. तिथे १४४ विद्यार्थ्यांना असेच अंदाज करायला लावले, मात्र इतरांचे आकडे दाखवत. अंदाज एकमेकांच्या जवळ आले, खऱ्या उत्तराच्या जवळ गेले नाहीत, आणि मुलांचा आत्मविश्वास तेवढा वाढला.

हा धोका जुन्या लोकांनाही ठाऊक होता. ज्यूंच्या जुन्या न्यायपद्धतीत देहदंडाच्या खटल्याला २३ न्यायाधीश बसत. मत मागायला सुरुवात सर्वांत धाकट्यापासून व्हायची, म्हणजे ज्येष्ठाचं ऐकून कोणी आपलं गिळू नये. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात राव काहाना यांच्या नावावर याहूनही विलक्षण नियम आहे: २३ च्या २३ जणांनी आरोपीला दोषी ठरवलं तर त्याला सोडून द्यायचं. त्यांचा मुद्दा असा की आरोपीच्या बाजूने बोलणारा एकही निघाला नसेल, तर त्याची बाजू यापुढे कोणी शोधणारही नाही. आकडेमोड करून बघितली तर नियम वाटतो तितका विक्षिप्त नाही. आरोपी खरोखरच दोषी आहे आणि प्रत्येक न्यायाधीश स्वतंत्र विचाराने ८० टक्के वेळा बरोबर ठरतो असं धरा, तरी २३ मतं एका बाजूला पडायची हजारात फक्त सहा वेळा.